अमेरिकेवरची पुस्तकं वाचायची कशी: एक प्रश्न, दोन पुस्तकं

"अमेरिकेचं राजकारण समजून घ्यायचंय, एखादं चांगलं पुस्तक सांग ना" असं तिकडची निवडणूक जवळ आली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. एक नाही सांगणार, दोन सांगेन, पण आधी तुम्हाला नेमकं काय कळून घ्यायचंय ते सांगा. कारण एकच पुस्तक वाचलं की आपण नकळत त्या लेखकाच्या बाजूला जाऊन बसतो आणि मग पुढची दहा वर्षं तेच खरं धरून चालतो. अमेरिकेचा इतिहास, राजकारण, समाज यावरचं जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं पुस्तक कोणाला तरी उत्तर म्हणून लिहिलेलं असतं, कधी आधीच्या पिढीच्या इतिहासकारांना, कधी समोरच्या पक्षाला, कधी एखाद्या कोर्टाच्या निकालाला, आणि ते कोणाला उत्तर देतंय हे माहीत नसेल तर निम्मा मुद्दा हातातून निसटतो.

म्हणून पहिलं काम, प्रश्न ठरवा. "अमेरिका" हा प्रश्न नाही. कमी मतं मिळूनही माणूस राष्ट्राध्यक्ष कसा होतो, हा प्रश्न आहे (असं 1876, 1888, 2000 आणि 2016 मध्ये झालंय). गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष रिपब्लिकन, मग आज काळे मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅट्सना मत का देतात, हा प्रश्न आहे. सरकारी शाळा तर सगळीकडे आहेत मग चांगल्या शाळेसाठी लोक घर का बदलतात, हा प्रश्न आहे आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नातेवाईक असतील तर हा तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेलाही असेल. असा एक प्रश्न कागदावर लिहा आणि त्याच्यासाठी दोन गोष्टी शोधा, एक त्या काळातला मूळ दस्तऐवज आणि एक नंतर लिहिलेलं पुस्तक, किंवा मग एकमेकांशी न पटणारी दोन पुस्तकं. एवढं जमलं की बाकीचं आपोआप येतं.

आता पाया. काहीही वाचायच्या आधी त्यांची राज्यघटना स्वतः वाचा. आपल्याकडे घटना म्हटलं की जाडजूड ग्रंथ डोळ्यासमोर येतो म्हणून लोक घाबरतात, पण 1787 मध्ये फिलाडेल्फियात सही झालेला मूळ मजकूर साधारण साडेचार हजार शब्दांचा आहे, सात कलमं, दिवाळी अंकातल्या एका मोठ्या लेखाएवढा, आणि त्यानंतरच्या सत्तावीस दुरुस्त्या. एका दुपारी होतं. वाचताना तीन ठिकाणी थांबा. एक, सिनेट. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, मग ते साडेतीन कोटींच्या वर लोकसंख्येचं कॅलिफोर्निया असो की सहा लाखसुद्धा लोक नसलेलं वायोमिंग, आणि हीच गोष्ट पुढे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत शिरते कारण राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या 538 प्रतिनिधींमध्ये, म्हणजे इलेक्टर्समध्ये, प्रत्येक राज्याचे ते दोन धरलेले असतात. दोन, गुलामगिरी. मूळ मजकुरात गुलाम हा शब्द कुठेही येत नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना "इतर व्यक्तीं"चे तीन पंचमांश मोजायचे असं लिहिलंय, माणसांची आयात 1808 पर्यंत बंद करता येणार नाही असं लिहिलंय, पळून गेलेला "कामाला बांधलेला माणूस" परत द्यायचा असं लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांना नेमकं काय लपवायचं होतं हे तिथेच दिसतं, कोणी सांगायची गरज पडत नाही. तीन, 13, 14 आणि 15 क्रमांकाच्या दुरुस्त्या, 1865, 1868 आणि 1870 च्या. यातली चौदावी दोनदा वाचा. जन्माने नागरिकत्व, कायद्यापुढे सगळ्यांना समान संरक्षण, आज टीव्हीवर जे वाद ऐकता त्यातले निम्मे या एका दुरुस्तीच्या अर्थावरून चाललेले असतात.

घटनेच्या जोडीला फेडरलिस्ट निबंध. 1787-88 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले 85 लेख, घटना मंजूर व्हावी म्हणून केलेला प्रचार. सगळे वाचू नका, खरंच नका, अठराव्या शतकातलं इंग्रजी आहे, एकेक वाक्य अर्धं पान चालतं आणि सहाव्या लेखाला माणूस सोडून देतो. 10, 51, 70 आणि 78 हे चार घ्या. दहावा गटबाजीवर, एक्कावन्नावा सत्तेच्या विभागणीवर, सत्तरावा राष्ट्राध्यक्ष ताकदवान का हवा यावर, अठ्ठ्याहत्तरावा कोर्टावर. आणि लगेच त्यांच्या विरोधकांपैकी "ब्रूटस" या टोपणनावाने लिहिणाऱ्याचा पहिला लेख वाचा. एवढ्या प्रचंड प्रदेशावर एक प्रजासत्ताक चालूच शकत नाही, केंद्र हळूहळू राज्यांना गिळून टाकेल असं तो म्हणतो, तर मॅडिसन दहाव्यात म्हणतो की प्रदेश मोठा आहे म्हणूनच कुठल्याही एका गटाची दादागिरी चालणार नाही. दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक, आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही दोघांपैकी एक पूर्ण बरोबर असं म्हणता येत नाही. अमेरिकन राजकारण वाचायची सवय लावायला याच्यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही.

आता जिथे मला जास्त वेळ थांबायचंय ते, यादवी युद्ध आणि त्याच्यानंतरची बारा वर्षं. इथे पुस्तकं कशी बदलत जातात ते सगळ्यात स्वच्छ दिसतं आणि मराठी वाचकाचा इथे स्वतःचा धागा आहे.

युद्ध 1861 ते 1865. दक्षिणेतली राज्यं का फुटली यावर तुम्हाला दोन प्रकारची पुस्तकं मिळतील, एक म्हणतात गुलामगिरी वाचवायला, दुसरी म्हणतात राज्यांच्या हक्कांसाठी. इथे कोणाचं ऐकायचं हे ठरवायला तिसऱ्या लेखकाकडे जाऊच नका, फुटणाऱ्यांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते काढा. मिसिसिपीने जानेवारी 1861 मध्ये बाहेर पडण्याची कारणं छापली, त्यात सुरुवातीलाच आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे असं सरळ सांगितलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये फुटलेल्या राज्यांनी केलेल्या नव्या संघराज्याचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने भाषणात सांगितलं की आमच्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. दोन्ही मजकूर इंटरनेटवर फुकट आहेत, वाचायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास दिला की नंतर हातात येणारं युद्धावरचं प्रत्येक पुस्तक कुठल्या बाजूला झुकतंय ते पहिल्या प्रकरणातच कळतं. युद्धाचा सलग इतिहास हवा असेल तर जेम्स मॅकफर्सनचं 1988 चं "बॅटल क्राय ऑफ फ्रीडम", जाड आहे पण लढायांबरोबर राजकारण आणि पैसा पण कळतो, आणि भाषा ओढून नेते.

मग येतं रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे 1865 ते 1877, दक्षिण पुन्हा जोडून घ्यायचा आणि सुटलेल्या चाळीस लाख माणसांना नागरिक करायचा काळ. काळे पुरुष मतदान करू लागले, निवडून येऊ लागले, 1870 मध्ये हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून थेट सिनेटमध्ये गेले. आणि आता आपला धागा, 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवलं. अर्पणपत्रिका आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेली असते, पण वर्ष लक्षात घेऊन वाचा. 1873 ला ती आशा हवेतली नव्हती, त्या वर्षी दक्षिणेत काळे लोक खरोखर सत्तेत होते. चार वर्षांनी, 1877 मध्ये, दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना तिथलं राज्य परत देऊन टाकल्यासारखं झालं, उत्तरेचं सैन्य मागे घेतलं गेलं, 1890 मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदानासाठी कर आणि वाचनपरीक्षा लावली, 1896 मध्ये प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टाने काळ्यांना आणि गोऱ्यांना रेल्वेत वेगळे डबे चालतील म्हणून सांगितलं, आणि सिनेटचं म्हणाल तर 1881 नंतर थेट 1967 उजाडेपर्यंत तिथे एकही काळा सिनेटर बसला नाही. फुल्यांची अर्पणपत्रिका आणि हा तपशील शेजारी ठेवून वाचलं की मला प्रत्येक वेळी गलबलून येतं, आणि मग पुढचा प्रश्न डोकं वर काढतो, की हा सगळा प्रकार अमेरिकेच्या शाळांत कसा शिकवला गेला?

तर असा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयातलं सगळ्यात मोठं नाव होतं विल्यम डनिंग, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक, 1907 चं त्यांचं पुस्तक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेका राज्यावर लिहिलेली पुस्तकं, सगळ्यांचा सूर एकच की काळ्यांना मताचा हक्क देणं ही चूक होती, ती राजवट भ्रष्ट होती, ती गेली ते बरं झालं. 1915 मधला "बर्थ ऑफ अ नेशन" हा सिनेमा याच समजुतीवर उभा आहे. आणि याच विद्यापीठात 1913 ते 1916 एक विद्यार्थी शिकत होता, भीमराव आंबेडकर, ज्याने 1916 मध्ये तिथेच जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. डनिंग तेव्हा तिथे शिकवत होते. पुढे 1935 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या अभ्यासकाने "ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका" लिहून ही सगळी मांडणी उलटवली, शेवटच्या प्रकरणात तर त्यांनी शाळांची पाठ्यपुस्तकं आणि इतिहासकार नावानिशी काढून दाखवले, पण विद्यापीठांनी बरीच वर्षं त्याकडे लक्ष दिलं नाही. नागरी हक्कांची चळवळ झाली, 1964 आणि 1965 चे कायदे झाले, तेव्हा कुठे इतिहासकार मोठ्या संख्येने त्या बाजूला सरकले आणि 1988 मध्ये एरिक फोनर यांचं "रिकन्स्ट्रक्शन" आलं जे आज प्रमाण मानलं जातं. फोनर पण कोलंबियाचेच प्राध्यापक. म्हणजे एकाच विद्यापीठातून ऐंशी वर्षांच्या अंतराने दोन अगदी उलटे इतिहास बाहेर आले. आंबेडकरांनी 1946 मध्ये डू बॉइसना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, तो पत्रव्यवहार आज वाचायला मिळतो, आणि ही सगळी साखळी माहीत असताना तो वाचण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

फोनरचं मोठं पुस्तक जड वाटलं तर त्यांनीच 1990 मध्ये केलेली छोटी आवृत्ती घ्या. डू बॉइस मात्र निदान पहिलं आणि शेवटचं प्रकरण तरी मूळ वाचा.

यातून जी सवय लागते ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुस्तक हातात घेतलं की आधी छापल्याचं वर्ष बघायचं. पहिल्या प्रकाशनाचं, आताच्या आवृत्तीचं नाही. मग लेखक कुठे काम करतो ते बघायचं, विद्यापीठात, वर्तमानपत्रात, का एखाद्या थिंक टँकमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेत, कारण हेरिटेज, केटो, ब्रुकिंग्ज या प्रत्येकाची आपली एक बैठक आहे आणि ती माहीत असली तर पुस्तक वाया जात नाही, उलट जास्त उपयोगाला येतं. प्रकाशक बघा, युनिव्हर्सिटी प्रेसचं पुस्तक असेल तर छापण्याआधी ते त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तपासलेलं असतं. मग सरळ मागे जाऊन तळटीपा बघायच्या, लेखकाने स्वतः कागदपत्रं, पत्रं, जनगणनेचे आकडे पाहिलेत का फक्त इतरांची पुस्तकं आणि बातम्या. कव्हरवरच्या स्तुतीकडे आणि "बेस्टसेलर" या शिक्क्याकडे लक्ष देऊ नका, न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत काही पुस्तकांपुढे खंजिरासारखी छोटी खूण असते, तिचा अर्थ दुकानांकडे घाऊक ऑर्डर्स आल्याचं कळलंय, आणि राजकीय पुस्तकांत ती खूण बऱ्याचदा दिसते.

पुढाऱ्यांची पुस्तकं हा वेगळाच प्रकार. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं असलं की आधी पुस्तक येतं, आणि त्यातली बहुतेक एकदा वाचून विसरायची असतात. पण वाचायचीच तर एकाच माणसाची दोन वाचा, एक राजकारणाआधीचं आणि एक निवडणुकीच्या तोंडावरचं. ओबामांचं "ड्रीम्स फ्रॉम माय फादर" 1995 चं, तेव्हा ते कुठल्याही पदावर नव्हते, आणि "द ऑडॅसिटी ऑफ होप" 2006 चं, पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. एकात माणूस स्वतःला शोधतोय, दुसऱ्यात प्रत्येक वाक्य दोन्हीकडच्या मतदाराला सांभाळून लिहिलंय. तसंच जे. डी. व्हान्स यांचं 2016 चं "हिलबिली एलेजी", ते आलं तेव्हा लेखक राजकारणात नव्हता, आज तो उपराष्ट्राध्यक्ष आहे, त्यामुळे आता वाचताना तेव्हा काय म्हटलं होतं आणि आता काय म्हणतो हे शेजारी ठेवता येतं. याच्या जोडीला आर्ली हॉक्सचाइल्ड यांचं त्याच वर्षीचं "स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड" घ्याच. बर्कलीची ही समाजशास्त्रज्ञ लुइझियानात वर्षानुवर्षं जात राहिली, जिथे रासायनिक कारखान्यांनी पाणी नासवलंय आणि तरी लोक पर्यावरणाच्या सरकारी नियमांच्या विरोधात मत देतात, असं का हे तिने त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं. तिची स्वतःची मतं उलट आहेत आणि ती लपवत नाही, पण माणसांचा मान कुठेही कमी करत नाही. मला हे पुस्तक फार आवडतं, न पटणाऱ्या माणसाचं ऐकायचं कसं ते त्यात शिकायला मिळतं.

सोशल व्हॅल्यूज, म्हणजे तिथल्या लोकांच्या मनात काय बरोबर काय चूक, यावर वाचायचं तर परक्याच्या नजरेने लिहिलेलं आधी वाचा, कारण घरच्या माणसाला जे सवयीचं असतं ते परक्याला टोचतं. सगळे जण टॉकव्हिलचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे, पंचविशीतला फ्रेंच माणूस 1831 मध्ये तुरुंगांचा अभ्यास करायला म्हणून गेला, साधारण नऊ महिने फिरला आणि "डेमॉक्रसी इन अमेरिका" दोन भागांत लिहिलं, 1835 आणि 1840. सगळं वाचायला घेतलं तर दम लागतो, म्हणून गावपातळीच्या कारभारावरचं प्रकरण, बहुमताच्या जुलमावरचं, लोक जमवून संस्था काढण्याच्या सवयीवरचं, आणि पहिल्या भागाचं शेवटचं लांबलचक प्रकरण जे गोरे, काळे आणि मूळ रहिवासी या तिघांवर आहे, एवढं घ्या. त्याला जे दिसलं ते आजही दिसतं, अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आजही पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत, आणि शाळेचं बोर्ड गावातले लोक मतदान करून निवडतात.

पण मराठी वाचकाने टॉकव्हिलच्या शेजारी पंडिता रमाबाई ठेवायलाच हव्यात. रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून फिलाडेल्फियाला गेल्या, 1888 पर्यंत अमेरिकेत फिरल्या आणि 1889 मध्ये "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" मराठीत लिहिलं, मराठी वाचकांसाठी. राज्यपद्धती, शिक्षण, घरं, धर्म आणि सगळ्यात विस्ताराने बायकांची स्थिती, त्यांनी काढलेल्या संस्था, दारूबंदीची चळवळ. टॉकव्हिलला अमेरिकन बाई घरात सुखी दिसली होती, रमाबाईंना ती सभा घेताना, निधी गोळा करताना, मताचा हक्क मागताना दिसली. मधे पन्नास वर्षं गेलीत हे खरं, पण बघणारी कोण आहे त्यानेही फरक पडतो. कौतुक करता करता काळ्यांशी आणि मूळ रहिवाशांशी होणारं वागणं त्या सोडून देत नाहीत. जुनी मराठी आहे, पहिली वीस पानं हळू जातात, मग जीभ वळते. एवढं पुस्तक आपल्या भाषेत असताना आपण अमेरिका फक्त इंग्रजीतून वाचावी याचं मला वाईट वाटतं.

जात आणि वंश या तुलनेवर इझाबेल विल्करसन यांचं 2020 चं "कास्ट" आपल्याकडेही खूप वाचलं गेलं. वाचा, प्रसंग अंगावर काटा आणतात. पण एकटं वाचू नका. ऑलिव्हर कॉक्स या काळ्या समाजशास्त्रज्ञाने 1948 मध्येच "कास्ट, क्लास अँड रेस" लिहून नेमका उलटा मुद्दा मांडला होता, की अमेरिकेतला वंशभेद जातीसारखा नाही, तो स्वस्त मजूर मिळवण्याच्या गरजेतून, भांडवलातून आलाय. आणि तिसरीकडे आंबेडकरांचा 1916 चा निबंध. मला स्वतःला विल्करसनच्या पुस्तकात पैशाचा आणि मजुरीचा हिशोब फार कमी वाटतो, आणि कॉक्सला भारतातली जात पुस्तकांतूनच माहीत आहे हे जाणवतं. ज्यांनी जात जवळून पाहिली आहे अशा वाचकाला या दोघांना जाब विचारता येतो, आणि तो विचारावा.

कोर्टाचे निकाल लोक वाचत नाहीत कारण कायद्याची भाषा म्हणून भीती वाटते. 1954 चा ब्राउन निकाल वाचून बघा, शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा, सगळ्या नऊ न्यायाधीशांचा एकमताने, आणि मुद्दाम सामान्य माणसाला समजेल असा थोडक्यात लिहिलेला. जिथे निकाल एकमताने नसेल तिथे बहुमताच्या मताइतकंच वेगळं मत पण वाचायचं, प्लेसीमध्ये एकट्या न्यायाधीश हार्लनने वेगळं मत दिलं होतं आणि अठ्ठावन्न वर्षांनी कोर्ट त्याच्या बाजूला आलं. आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी 1923 चा भगतसिंग थिंड यांचा निकाल वाचाच. पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, नागरिकत्व मागितलं तर सुप्रीम कोर्ट म्हणालं की सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. 1946 पर्यंत तो दरवाजा बंद राहिला, उघडला तोही वर्षाला शंभर माणसांपुरता, आणि आपल्याकडचे इंजिनिअर डॉक्टर जे गेले ते 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर. हा निकाल आणि मे न्गाइ यांचं 2004 चं "इम्पॉसिबल सब्जेक्ट्स" ही जोडी वाचली की "आम्ही कायद्याने आलो, ते बेकायदा आले" हे वाक्य बोलण्याआधी माणूस थांबतो, कारण कायदेशीर कोण हे वेळोवेळी कोणी आणि कशासाठी ठरवलं ते पानापानावर दिसतं.

शाळा आणि घरांचा प्रश्न वर सांगितला त्याची जोडी पण देऊन टाकतो. रिचर्ड रॉथस्टाइन, "द कलर ऑफ लॉ", 2017. शाळांचा बराच पैसा घरपट्टीतून येतो, घराची किंमत वस्तीवर ठरते, आणि 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेनेच काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवून धोक्याच्या ठरवल्या. ते मूळ नकाशे रिचमंड विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेत, पुस्तक वाचताना ओळखीच्या शहराचा नकाशा उघडून बसा.

सिनेट कसं चालतं हे कळायला रॉबर्ट कॅरो यांचं "मास्टर ऑफ द सेनेट", 2002. हजारावर पानं, पण सुरुवातीचा सिनेटच्या इतिहासाचा भाग वेगळं पुस्तक म्हणून वाचला तरी चालतो. एका खंडात सगळा इतिहास हवा असेल तर हॉवर्ड झिन यांचं 1980 चं डावीकडून लिहिलेलं "अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स" आणि पॉल जॉन्सन यांचं 1997 चं उजवीकडून लिहिलेलं "अ हिस्टरी ऑफ द अमेरिकन पीपल" अशी दोन्ही घ्या, एकाच घटनेची प्रकरणं समोरासमोर ठेवून वाचा, नाहीतर जिल लेपोर यांचं 2018 चं "दीज ट्रुथ्स".

मिळवायचं कुठून? जुनं सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, फेडरलिस्ट, टॉकव्हिल, गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र, डू बॉइसचं 1903 चं "द सोल्स ऑफ ब्लॅक फोक", सगळं. नवी हार्डकव्हर महाग पडतात, पेपरबॅक यायची वाट बघा. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर अमेरिकन पेपरबॅक्स निघतात. आणि तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना गावच्या पब्लिक लायब्ररीच्या सेलला जायला सांगा, तिथे जुनी पुस्तकं एकदोन डॉलरला देतात, येताना बॅगेत चॉकलेटं जरा कमी आणि दोन पुस्तकं आणा म्हणायचं.

वाचताना एक वही ठेवा. प्रत्येक पुस्तकाला एक पान, त्यावर पहिल्यांदा छापल्याचं वर्ष, कोणाला उत्तर दिलंय, मुख्य म्हणणं एका वाक्यात तुमच्या मराठीत, आणि सगळ्यात भक्कम पुरावा कुठला वाटला. मराठीतच लिहा, इंग्रजीत लिहिलं की लेखकाचीच वाक्यं उतरतात आणि आपल्याला कळलंय असा भास होतो. आणि दोन पुस्तकं झाली की तिसरं कुठलं म्हणून कोणाला विचारू नका, दोघांच्याही तळटीपा शेजारी उघडा, एरवी कशावरच एकमत नसलेल्या त्या दोघांनी ज्या एका पुस्तकाचा आधार घेतलाय ते शोधा आणि ते मागवा.